कंसातलं गाव

एल्माच्या निधनवार्तेतून व्हर्ना कांगसला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पैसे नाहीत, चौतीस वर्षांत तिनं निधनवार्ता लिहायच्या या कामाचा एक सेंटही घेतला नव्हता. मिळणार होतं ते असं: चर्चच्या तळघरातल्या जेवणात पहिल्या टेबलाची खुर्ची, हॅमचा कडेचा खरपूस तुकडा, आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी हिल्जा रांता हिच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत, एक वाक्य. "व्हर्नाच्या हातून नाव म्हणून सुटत नाही." हे वाक्य हिल्जाला दरवेळी जड जायचं, आणि म्हणूनच व्हर्नाला ते हॅमपेक्षा गोड लागायचं.

ओत्सोला या मिशिगनमधल्या लहानशा गावात माणूस गेला की आधी डॉक्टरला कळवत, मग अंत्यविधीची सोय बघणाऱ्या फ्युनरल होमच्या लेहतोला, आणि मग व्हर्नाला. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीपट सांभाळलेली बाई. कोणाची आई माहेरची कोण, कोणाचा दुसरा नवरा पहिल्याचा चुलतभाऊ, हे तिला वही उघडून बघावं लागत नसे. दोनशे बारा निधनवार्ता तिच्या हातून झाल्या होत्या. 'त्यांच्या पश्चात' एवढं लिहून झालं की ती नावं ओवायला बसायची. त्यात सावत्र नातवंडं यायची, घटस्फोट झालेल्या सुना यायच्या, एकदा तर कुत्रंसुद्धा आलं होतं. गावात समजूतच अशी, की पश्चातच्या यादीत जो नाही तो एक तर मेलाय, नाही तर त्यानं काहीतरी भयंकर केलंय.

आणि कंस. कंस म्हणजे व्हर्नाची काटकसर. गावचं साप्ताहिक ओळीमागे तीन डॉलर साठ सेंट घ्यायचं. 'भाची अमुक, जी सध्या अमुक गावी असते' असं लिहिलं की ओळ वाढते; नाव लिहून पुढे कंसात गाव टाकलं की वाचते. पुढे लेहतोनं वेबसाइट काढली, तिथं ओळीला पैसे नव्हते, तरी कंस राहिले. हाताला लागलेलं वळण ते.

मंगळवारी एल्मा गेली. व्हर्नाची धाकटी बहीण, वय एकोणसत्तर. बुधवारी सकाळपर्यंत व्हर्नाची यादी तयार होती: तेहेतीस नावं आणि तेहेतीस कंस. चौतिसावं नाव सगळ्यांत वर, एल्माच्या एकुलत्या एका मुलीचं. 'मुलगी जनेल', आणि पुढचा कंस रिकामा.

जनेल चार वर्षांपूर्वी रॉयस टॉलिव्हरच्या घरातून दोन बॅगा घेऊन निघाली होती. घटस्फोट झाला, तिनं आडनाव बदललं, आणि गेली अडीच वर्षं तर ती कुठल्या गावात राहते हेच कोणाला माहीत नव्हतं. पत्र टाकायचं तर एका सरकारी पेटीच्या नंबरावर; तिथून ते तिच्याकडे जायचं. नवऱ्याची भीती वाटते, एवढंच एल्मा सांगायची आणि विषय बदलायची. व्हर्नाला हे प्रकरण जरा नाटकी वाटे. रॉयस हसतमुख माणूस. एल्माच्या दारातला बर्फ त्यानं तीन हिवाळे फुकट उपसला होता, आणि जो फुकट बर्फ उपसतो त्याच्याबद्दल ओत्सोलात कोणी वाईट बोलत नाही.

दुपारी जनेल आली. न कळवता, कोणाची तरी गाडी मागून आणून. व्हर्नाच्या नवऱ्यानं, वेनोनं, तिला दारातच कवटाळलं, किल्ली मागून घेतली आणि बाहेर गेला. दहा मिनिटांनी परत येऊन म्हणाला, "लाकडांच्या शेडमागे लावलीय. वर ताडपत्री टाकलीय. शिकारीचे दिवस आहेत, ताडपत्रीखाली काय आहे म्हणून कोणी विचारत नाही."

"तू काय हरीण आहेस का गं लपवायला?" व्हर्ना म्हणाली. पण म्हणता म्हणता तिनं भाचीचा चेहरा पाहिला आणि कॉफी ओतायला वळली.

वेलदोड्याचा गोड पाव, नीसू, कापला गेला. दोघी थोडं रडल्या, एल्माच्या शेवटच्या दिवसांचं बोलणं झालं. मग व्हर्नानं चष्मा लावला आणि यादी पुढे ओढली. एका बाबतीत ती पक्की होती: दुःखाच्या जागी दुःख आणि कामाच्या जागी काम.

"तेवढं तुझं गाव सांग बाई. कंस रिकामा राहिलाय."

"मावशी, माझं नाव घालू नकोस."

"गाव नको म्हणतेस?"

"गाव नको आणि नावही नको. काहीच नको."

व्हर्नानं चष्मा काढला. "आईच्या वार्तेत पोटची पोर नाही? अगं, लोक काय म्हणतील? तुझं नाव गाळलं की लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. नावं ठेवली तर चालतील मावशी, पत्ता नको."

"मग नुसतं जनेल घालते. आडनाव नाही, गाव नाही. जगात काय एकच जनेल आहे?"

"एल्माची मुलगी जनेल एकच आहे. आणि नाव आलं की खाली लोक लिहितात. लेहतोच्या पानावर ती शोकसंदेशांची वही असते ना? कोणीतरी मायेनं लिहिणार, 'जनेल, पोरी, मागच्या महिन्यात तुला अमक्या गावच्या दुकानात पाहिलं होतं, हाक मारायची राहिली.' झालं."

"इतकं कोण बसलंय वाचत?"

"एक जण बसलाय."

व्हर्नाला ते अजून पटलं नव्हतं, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. जनेल उठली, कोपऱ्यातला कॉम्प्युटर चालू केला, आणि म्हणाली, "बस इथं. माझं राहू दे, आधी तुझं बघू."

माणसं शोधून देणारी एक साइट तिनं उघडली. व्हर्ना कांगस, मिशिगन. अर्धा मिनिट चक्र फिरलं, आणि पडद्यावर व्हर्ना आली. वय बहात्तर. आत्ताचं घर, त्याआधीचं भाड्याचं, आणि लग्नानंतर आठच महिने जिथं काढले ती ट्रेलरची जागाही. फोनचे दोन नंबर, त्यातला एक वेनोच्या गॅरेजचा, जो बंद होऊन अकरा वर्षं झाली होती.

"अगंबाई," व्हर्ना म्हणाली. तिच्या आवाजात भीती कमी आणि कौतुक जास्त होतं. "हे माझ्यापेक्षा चांगलं लिहितात."

"खाली बघ. संभाव्य नातेवाईक."

वेनो. एल्मा. गेलेला भाऊ रेनो. त्याच्याखाली हिल्जा रांता.

"ही? ही माझी नातेवाईक? मेले तरी नाही!" व्हर्ना खुर्चीतून उठायलाच निघाली. "हे खोडायचं कसं, ते आधी सांग."

वेनो खिडकीजवळून म्हणाला, "राहू दे. वारसा हक्क सांगता येईल. तिचं तळ्याकाठचं घर चांगलं आहे."

जनेल दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मग तिनं पिशवीतून एक निळी वही काढून टेबलावर ठेवली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती स्वतःलाच शोधते, असं तिनं सांगितलं. जुनं नाव, नवं नाव, फोन, आईचं नाव, अवतरणचिन्हांत घालून, उलटसुलट करून. जिथं सापडेल तिथं काढून टाकायचा अर्ज करायचा. त्यासाठी एक वेगळा ईमेल, ज्यात दुसरं काही येत नाही. मग वाट बघायची, आणि गेलं की नाही ते पुन्हा जाऊन बघायचं. कारण काढलेलं परत येतं. चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी, दुसऱ्या साइटवरून, तणासारखं.

व्हर्नानं वही उघडली. रेघा आखलेल्या, रकाने नीट: साइट, अर्जाची तारीख, काढल्याची तारीख, परत आल्याची तारीख, कुठून मिळालं असावं. एकसष्ट ओळी. अक्षर व्हर्नाच्या स्वतःच्या वळणाचं. लहानपणी शाळेच्या ऑफिसात, मावशीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून जनेलनं ते उचललं होतं. व्हर्नाला अभिमान वाटला. ती बोटानं रकाने वाचत खाली आली. शेवटच्या रकान्यात कुठं 'दुकानाचं सवलत कार्ड', कुठं 'मतदार यादी', कुठं 'माहीत नाही'. आणि अगदी वरच्या सात ओळींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा: 'रे. वार्ता'.

"हे रे. म्हणजे काय गं?"

जनेलनं वहीकडे हात केला. "ते जुनं आहे. सोड."

"जनेल."

"रेनोमामाची निधनवार्ता."

रेनो अडीच वर्षांपूर्वी गेला होता. व्हर्नाची एकशे सत्त्याण्णवावी. तिला ती तोंडपाठ होती. 'त्यांच्या पश्चात बहिणी व्हर्ना (ओत्सोला) व एल्मा (ओत्सोला), भाची जनेल (दुलुथ)...'

"एकोणीस दिवसांनी," जनेल म्हणाली. ती बोलत होती मावशीशी, पण बघत होती नीसूच्या सुरीकडे. "दवाखान्याची शिफ्ट संपवून मी गाडीपाशी आले, तर तो गाडीला टेकून उभा. हातात फुलं. म्हणाला, मामा गेल्याचं वाचलं, भेटून जावं म्हटलं. हसत होता. तुला माहितेय तो कसा हसतो. मग माझ्या गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, घोड्याला मारतात तशी, आणि म्हणाला, आता गाव कळलंय, येत जाईन."

"मग?"

"चार दिवसांत घर सोडलं. नोकरी सोडली. मांजर शेजारणीला दिलं, तिथं कुत्री आहे, ते काही जमलं नाही म्हणे."

व्हर्नाला आठवलं. तेव्हा एल्मा म्हणाली होती, जनेलला दुसरीकडे जास्त पगाराची नोकरी लागली. आणि व्हर्ना म्हणाली होती, दुलुथसारखं गाव सोडून? आजकालच्या मुलींना एका जागी बूड टेकवायला नको.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तू इतक्या मायेनं लिहिलं होतंस. मामाच्या मासेमारीच्या डब्याचं ते वाक्य वाचून मी रडले होते." मग म्हणाली, "आणि तुला सांगितलं असतं तर तू आईला बोल लावला असतास, की पोरीचं मला कळवलं का नाही. आईनं रडत हिल्जाला सांगितलं असतं. हिल्जाला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं."

व्हर्नानं नीसूचा आणखी एक तुकडा कापला, कोणाच्याच ताटलीत ठेवला नाही, नुसता कापून ठेवला. वेनो बाहेर जाऊन ताडपत्रीचे कोपरे पुन्हा दगडांनी दाबून आला.

मग व्हर्नानं पेन घेतलं आणि यादीतली पहिली ओळ खोडली. हातानं लिहिलेल्या कागदावर तिनं कधी नाव खोडलं नव्हतं. वाढवली मात्र शेकडो होती. मग ती यादीत खाली खाली आली, आणि उरलेले तेहेतीस कंसही एकेक करून खोडत गेली.

"ते कशाला?" जनेल म्हणाली. "त्यांना काय झालंय?"

"मला काय ठाऊक, कोणाला काय झालंय ते? तुझं तरी कुठं ठाऊक होतं?"

लेहतोला तिनं फोन लावला. पानावरची शोकसंदेशांची वही बंद ठेवायची. रेनोच्या जुन्या पानावरचा दुलुथ काढायचा. आणि उद्या सकाळी सात वाजता मागचं दार उघडं ठेवायचं, घरचं एक माणूस एल्माला बघायला येईल, कोण ते विचारायचं नाही. लेहतो तीन पिढ्या मेलेल्यांची गुपितं सांभाळत आलेल्या घरातला. तो एवढंच म्हणाला, "व्हर्ना, रेनोचं मी काढतो, पण इतरांनी उचलून नेलेलं माझ्या हातात नाही. सूपमध्ये पडलेलं मीठ आहे ते."

"तू तुझ्या सूपमधलं काढ. बाकीच्यांचं मी बघते."

शनिवारच्या अंत्यविधीची वेळ आणि जागा छापून येणार होती, म्हणजे जनेलला तिथं थांबता येणार नव्हतं. मुलीनं आईला निरोप दिला तो गुरुवारी सकाळी सात ते सात चाळीस, मागच्या दारानं. व्हर्ना बाहेर बोळात, दाराला पाठ लावून उभी राहिली, कोट घालून, हातात पर्स, जणू बसची वाट बघतेय. आतून जनेलचा आवाज आला. ती आईला नव्या घराचं सांगत होती. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. खाली बेकरी आहे. गावाचं नावही तिनं सांगितलं असणार, पण तेवढ्यात व्हर्ना दारापासून चार पावलं लांब गेली. बहात्तर वर्षांत तिनं एखादी बातमी मुद्दाम न ऐकल्याचा हा पहिलाच प्रसंग.

शनिवारी चर्च भरलं. छापलेली पत्रिका प्रत्येकाच्या हातात होती, आणि एल्माच्या पश्चात कोण कोण आहे ते भजन सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी वाचून घेतलं होतं. कुजबुज बाकांवरून पुढे सरकत व्हर्नाच्या मानेपर्यंत आली आणि तिथं थांबली. तिनं मान वळवली नाही.

खाली तळघरात कॉफीच्या रांगेत रॉयस टॉलिव्हर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, चेहऱ्यावर मोजून तेवढंच दुःख. दोन म्हाताऱ्यांना त्यानं जिना उतरताना हात दिला होता. पत्रिका दोन बोटांत धरून तो व्हर्नापाशी आला.

"व्हर्ना मावशी, फार वाईट झालं. माझ्यावर फार जीव होता त्यांचा." मग पत्रिकेवर टिचकी मारून, "जनेलचं नाव राहिलं वाटतं छापताना?"

हिल्जा रांता शेजारीच होती, हातात हॅमची ताटली. तिचा काटा हवेत थांबला. मागची रांगही थांबली.

व्हर्नापुढे तीन उत्तरं होती. जनेलनंच नको म्हटलं, असं म्हणावं तर जनेल येऊन गेली, बोलून गेली, हे त्याला कळतं. मग तो या घराभोवती घिरट्या घालणार. मायलेकींचं बिनसलं होतं म्हणावं, तर वर शवपेटीत एल्मा होती, तिच्या नावाला बट्टा लागला असता. उरलं तिसरं.

"सुटलं माझ्या हातून," ती म्हणाली.

"सुटलं?" हिल्जा म्हणाली. "तुझ्या हातून? सख्ख्या बहिणीची एकुलती एक मुलगी?"

"वय झालं, हिल्जा. सुटलं."

"अगं, पण तेहेतीस नावं लक्षात राहिली—"

"आणि एक नाही राहिलं. म्हातारपण मोजून थोडंच येतं?"

रॉयसनं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्याचं हसू जागचं हललं नाही. "हल्ली असते कुठं ती? दोन फुलं पाठवली असती."

"कोण?" व्हर्ना म्हणाली.

"जनेल."

"हां, जनेल." व्हर्नानं कपाळाला हात लावला आणि त्याच्या ताटलीकडे पाहिलं. "तू बटाटे नाही घेतलेस, रॉयस. घे हं, हिल्जानं केलेत, चीज जास्त आहे." आणि क्षणभरानं, अगदी त्याच आवाजात, "तू बटाटे घेतलेस का रे?"

रांगेत कोणीतरी च्‌ च्‌ केलं. पास्टरनं येऊन हळूच व्हर्नाच्या कोपराखाली हात दिला आणि तिला खुर्चीवर नेऊन बसवलं. खुर्ची पहिल्याच टेबलाची होती. हॅमचा कडेचा तुकडा कोणीतरी आधीच नेला होता.

आठवडाभरात गावानं ठरवून टाकलं. व्हर्नाच्या आठवणीची कढई आटत चालली. रस्त्यात बायका तिच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागल्या. फेब्रुवारीत म्हातारा आर्विड गेला, तेव्हा त्याच्या मुली वेनोकडे ओशाळून हसल्या आणि कागद घेऊन हिल्जाकडे गेल्या. दोनशे तेरावर व्हर्नाचा आकडा थांबला.

हिल्जा दुसऱ्या दिवशी आली. कागद पर्समध्येच ठेवून तिनं कॉफी प्यायली, हवेबद्दल बोलली, मग म्हणाली, "ते तुझे कंस. गाव कंसातच घालायचं ना?"

"गाव घालूच नकोस. नाव पुरे."

"का?"

"ज्यांना भेटायचं असतं त्यांना गाव ठाऊक असतं."

हिल्जानं कप खाली ठेवला. ती बोलघेवडी असेल, पण मूर्ख नव्हती. तिची नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेली. शेजारी एक नवी कोरी वही होती, रकाने आखलेली.

"व्हर्ना, तू विसरली नव्हतीस ना?"

"विसरले गं."

मग हिल्जा उठली, आपलाच नव्हे, दोघींचे कप विसळले, आणि आर्विडची वार्ता तिनं कंसाशिवाय छापून आणली. साप्ताहिकात पाच ओळी कमी भरल्या. तळ्याकाठच्या घराबद्दल विचारायचं मात्र व्हर्नाकडून राहून गेलं. साइटवर हिल्जा अजून तिच्या नातेवाइकांत होती. तेवढी ओळ काढायचा अर्ज काही केल्या व्हर्नाकडून लिहून होत नव्हता.

बाकीचे अर्ज होत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी जनेल तिकडे बसते, व्हर्ना इकडे. रेनोच्या वार्तेतून उचललेला दुलुथ तिनं आतापर्यंत नऊ ठिकाणांहून काढला. दोन ठिकाणी तो परत उगवला, तिनं परत उपटला. दुपारी एक फोन येतो, नंबर न दिसणारा. "आहे?" जनेल विचारते. "नाही," व्हर्ना सांगते, किंवा "एके ठिकाणी आहे, अर्ज टाकलाय." गाव ती अजून विचारत नाही.

आता बेरीज. एका कंसानं वाचवलेली ओळ: तीन डॉलर साठ सेंट, जमा. त्यापोटी जनेलनं भरलं एक शहर, एक नोकरी, एक मांजर आणि आईच्या अंत्यविधीतली पहिल्या बाकावरची जागा. व्हर्नानं भरलं चौतीस वर्षांचं नाव, एका वाक्यात, रोख. हिल्जानं दोन कप विसळले आणि एक प्रश्न पुन्हा न विचारता गिळला. तिच्या स्वभावाच्या मानानं ही रक्कम लहान नाही.

रॉयसच्या नावावर काही निघत नाही. बटाटेसुद्धा त्यानं दोनदा वाढून घेतले होते.